केरबाची परवानगी

घाटाच्या पायथ्याशी चिखलवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा कुंभार होता. भोळा म्हणजे किती भोळा? देवळाबाहेर पाटी लागली होती, 'चपला येथे काढाव्यात'. केरबा अनवाणीच गेला होता. तो घरी परत आला, चपला घातल्या, देवळापाशी जाऊन काढल्या आणि मग दर्शन घेतलं.

हात मात्र त्याचा गोड होता. त्याच्या माठातलं पाणी पिऊन माणसं घरचं पाणी विसरायची. बायको हौसा हुशार होती, मुलगी वैजू तिच्याहून हुशार. वैजू तालुक्याला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला जायची. तिच्या लग्नाचं घाटत होतं आणि दोघी मायलेकींना एकाच गोष्टीची धास्ती होती. सोयरिकीच्या वेळी केरबा काय करेल, याची.

माठाच्या ऑर्डरी घेता याव्यात म्हणून वैजूनं बापाला फोन घेऊन दिला. तिथून सगळं सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. तिनं मोठ्या लाघवी आवाजात केरबाचं नाव विचारलं. केरबानं सांगितलं. जन्मतारीख विचारली. ती त्याला ठाऊक नव्हती, पण ज्या साली भाजायला लावलेला आवा पावसात भिजून सगळी मडकी फुटली त्या सालचा आपला जन्म, एवढं त्यानं सांगितलं. मग पत्ता सांगितला. बाईनं आणखी काही विचारलं नाही, पण इतक्या मायेनं विचारपूस करणाऱ्या माणसाला एवढ्यावर कसं सोडायचं, म्हणून केरबानं हौसा रात्री घोरते हेही सांगितलं, आणि घोरण्याचा आवाज कसा असतो तोही काढून दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेना. कुणी गादी विकत होतं, कुणी नाकाला लावायचा चिमटा. एक माणूस तर मोटारसायकलवरून घरी आला आणि घोरणाऱ्या बाई त्याच का, असं त्यानं हौसालाच विचारलं.

हौसा दिवसभर बोलली. शेवटी दमून म्हणाली, "अहो, अनोळखी माणसानं नाव-गाव विचारलं तर काही सांगायचं नसतं. 'राँग नंबर' म्हणायचं आणि बंद करायचं. तो कितीही ओळख सांगू दे."

केरबानं मान डोलावली. आता चूक होणार नव्हती.

दोन दिवसांनी दारावर थाप पडली. हौसा दळण आणायला गेली होती. केरबानं दार उघडलं. धुळीनं माखलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस खांद्यावर फणस घेऊन उभा होता. केरबा कुंभाराचं घर हेच का, असं त्यानं विचारलं.

केरबानं त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस अनोळखी होता. नाव-गाव विचारत होता.

"राँग नंबर," केरबा म्हणाला, आणि दार बंद केलं.

माणसानं पुन्हा थाप मारली. बाहेरून ओरडून सांगितलं की मी शिदू, हौसाचा भाऊ, कितीतरी वर्षांनी बहिणीला भेटायला आलोय, जुना रुसवा सोडून आलोय. केरबाला मनातून हसू आलं. कितीही ओळख सांगू दे, असं हौसानं बजावलंच होतं. बघा, लगेच सांगायला लागला. त्यानं आतून कडी लावली आणि वर बादलीही लावली.

शिदू उन्हात थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं फणस शेजारणीला दिला, आमच्या बहिणीचं घर आता मोठं झालंय म्हणाला आणि आल्या पावली बसनं परत गेला. हौसाला हे शेजारणीकडूनच कळलं, तेही फणसाचे गरे खाताना. तिनं तिथंच डोळ्याला पदर लावला. भाऊ फोन उचलेना. त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही.

केरबालाही वाईट वाटलं. आपण तर सांगितलं तेच केलं, मग घरात रडारड का, हे त्याला कळेना. वैजूनं बापाला जवळ बसवलं आणि समजावलं. आधी चेहरा बघायचा, बाबा. बँकेचं काम असलं की फोन कसा आपला चेहरा बघतो, सरळ बघा म्हणतो, डोळे मिचकवा म्हणतो, मान वळवा म्हणतो, आणि माणूस खरा आहे, जिवंत आहे अशी खात्री पटली की मगच पुढं जाऊ देतो. तशी खात्री करायची आणि मग बोलायचं.

केरबानं मान डोलावली. आता चूक होणार नव्हती.

त्याच आठवड्यात बाबू सुतार वारला. म्हातारा मोठा मानाचा होता, सगळा गाव अंगणात जमला. हौसा बायकांत बसली. केरबा पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत थेट मयतापाशी गेला, उकिडवा बसला आणि खिशातून फोन काढून म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"तात्या, सरळ बघा."

लोकांना वाटलं, बिचाऱ्याला दुःख अनावर झालंय. दोघांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता डोळे मिचकवा," केरबा म्हणाला. थोडं थांबला. "बरं, मग मान डावीकडं वळवा."

अंगणातला हुंदक्यांचा आवाज हळूहळू कमी झाला. सगळे बघायला लागले. केरबानं फोन थोडा लांब धरून पाहिला, थोडा जवळ धरून पाहिला. फेट्यामुळं अडचण होत असेल म्हणून फेटाही सरळ केला. मग उठला आणि जमलेल्या मंडळींना शांतपणे सांगितलं, "ओळख पटत नाही. हे तात्या नव्हेत."

म्हातारी सुतारीण रडायची थांबली. तिनं मोठ्या आशेनं मान वर केली आणि मग हे कोण, असं विचारलं.

पुढचं हौसाला नीट दिसलं नाही, कारण तिनं पदर पुरता डोक्यावरून ओढला होता. पण केरबा अंगणाबाहेर आला तेव्हा सुताराचा थोरला मुलगा त्याच्या एका बाजूला होता, धाकटा दुसऱ्या बाजूला, आणि केरबाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी आल्यावर हौसानं त्याला चार शब्दांत सांगितलं. आपण कुणाला काही विचारायचं नाही. समोरून जे विचारतील त्याला हात जोडून 'हो' म्हणायचं. नम्रपणानं वागलेल्या माणसाला कुणी उचलून बाहेर टाकत नाही.

केरबानं मान डोलावली. आता चूक होणार नव्हती.

इकडे वैजूला कोळवाडीचं स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव समाधान. बाप दौलूअण्णा, पंचक्रोशीत वजन असलेला माणूस, स्वतःची वीटभट्टी असलेला आणि रीतीभातीला भारी जपणारा. बघायला यायचा दिवस ठरला. वैजूनं त्या दिवसासाठी फोनवरच्या दुकानातून हिरवी इरकल साडी मागवली. साडी कुठवर आली ते बघत राहा, असं बापाला सांगून ती कामाला गेली.

केरबानं फोनवरचं दुकान उघडलं. साडी दिसायच्या आधी फोननं विचारलं, तुमच्या कॅमेऱ्याची परवानगी द्याल का? केरबानं फोन चाकाशेजारी ठेवला, हात जोडले आणि 'हो' दाबलं. तुमच्या ओळखीच्या माणसांची नावं बघायची परवानगी द्याल का? केरबानं पुन्हा हात जोडले. 'हो'. तुमचं बोलणं ऐकायची परवानगी द्याल का? इतक्या अदबीनं तर गावात त्याला कुणीच विचारत नव्हतं. 'हो'. तुमच्या वतीनं तुमच्या माणसांना निरोप पाठवायची परवानगी? केरबाला गहिवरून आलं. 'हो'.

फोन तिथंच राहिला. दुपारी हौसा भाकरी घेऊन आली तेव्हा केरबानं तिला आपलं दुखणं सांगितलं. दिवसभर चाकापुढं बसून मूळव्याध उठली होती. कुठं दुखतं, केव्हा दुखतं, उठताना किती आणि बसताना किती, हे त्यानं खुलासेवार सांगितलं. हौसानं ऐकलं. फोननंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाच्या फोनमध्ये ज्याचं ज्याचं नाव होतं त्या प्रत्येकाला एक निरोप गेला. 'केरबा कुंभार यांनी मुळव्याधीसाठी हे मलम निवडलं आहे. आपणही लाभ घ्यावा.' खाली मलमाचा फोटो होता आणि वर केरबाचा, हात जोडलेला. निरोप सरपंचाला गेला. हेडमास्तरांना गेला. सुताराच्या दोन्ही मुलांना गेला, ऐन सुतकात. आणि कोळवाडीला दौलूअण्णांनाही गेला.

हौसा पाणवठ्यावर गेली तर बायका आधी गप्प झाल्या आणि मग एकीनं मालक आता बसतात का, असं विचारलं. हौसा रिकामी घागर घेऊन परत आली. मोडलं हे स्थळ, असं म्हणत ती उंबऱ्यावर बसली.  वैजूनं बापाचा फोन घेतला आणि दिलेल्या परवानग्या एकेक करून काढून टाकल्या.  तिचा चेहरा बघून केरबाला वाटलं, पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं.

हौसानं त्याला हाताला धरून गावदेवीपुढं उभं केलं.

"इथून पुढं कुणीही परवानगी मागितली तर 'नाही' म्हणायचं. मग तो कुणी का असेना. देवीची शपथ घ्या."

केरबानं शपथ घेतली. मान डोलावली. आता चूक होणारच नव्हती.

स्थळ मोडलं नाही. निरोप वाचून दौलूअण्णा उलट खूश झाले होते. वीटभट्टीच्या धगीपुढं बसून त्यांनाही तोच आजार होता आणि इतकी वर्षं ते तो कुणापाशी बोलले नव्हते. ज्या घरात माणूस एवढं मोकळेपणानं सांगतो ते घर सरळ असणार, असं त्यांनी बायकोला, पारूबाईंना सांगितलं. ठरल्या दिवशी मंडळी जीपमधून उतरली. अण्णा, पारूबाई, समाधान आणि त्याचा मामा.

दारात केरबा उभा होता. अण्णांनी रीतीप्रमाणं हसून म्हटलं, "काय केरबा, आत यायची परवानगी आहे ना?"

"नाही," केरबा म्हणाला.

अण्णा जागीच थांबले. पारूबाई मागं वळून जीपकडं बघायला लागल्या. तेवढ्यात हौसा लगबगीनं बाहेर आली, पायांवर पाणी घातलं आणि मंडळींना आत नेऊन बसवलं. काय झालं होतं ते तिला कळलंच नाही.

वैजू पोहे घेऊन आली. हिरवी साडी तिला शोभून दिसत होती. समाधाननं एकदा वर पाहिलं आणि पोह्यांतलं खोबरं निवडत बसला. मामा मात्र जुन्या वळणाचा होता. त्यानं मुलीला जरा चालून दाखवायला सांगण्याची परवानगी मागितली.

"नाही," केरबा म्हणाला.

मग मामानं, मुलीचा फोन जरा चाळून बघायची परवानगी आहे का, असं विचारलं. हल्लीच्या पोरींचं काही सांगता येत नाही, असंही वर म्हणाला.

"नाही."

 वैजूनं बापाकडं पाहिलं. उभ्या जन्मात तिनं त्याच्याकडं असं पाहिलं नव्हतं. अण्णांनी मामाला डोळ्यांनी गप्प केलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाले की असा खंबीर बाप आपण पाहिला नाही. आम्हाला मुलगी पसंत आहे. समाधान खोबरं निवडता निवडता मुलगी त्यालाही पसंत असल्याचं बोलला. वैजूनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हौसाचा चेहरा उजळला. साखर वाटली गेली. आत नेऊन अण्णांना केरबासाठी मागवलेलं मलमही दिलं गेलं. दोघी मायलेकींना पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस सुधारला.

ऊन कलायला लागलं. अण्णा उठले, हात जोडले. "बरं, मग आता आम्हाला निघायची परवानगी द्या."

"नाही," केरबा म्हणाला.

सगळे हसले. काय हा आग्रह, असं पारूबाई कौतुकानं म्हणाल्या. मंडळी पुन्हा बसली, पुन्हा चहा झाला. अण्णा पुन्हा उठले, पुन्हा परवानगी मागितली. केरबा पुन्हा 'नाही' म्हणाला आणि उंबऱ्यावर आडवा बसला. मंडळी जेवायला राहिली. मग मुक्कामाला राहिली. सकाळी आंघोळी झाल्यावर अण्णांनी परवानगी मागितली. केरबा 'नाही' म्हणाला.

आता हौसाच्या ध्यानात आलं. तिनं नवऱ्याला मागच्या दारी नेऊन हात जोडले, अहो त्यांना जाऊ द्या, म्हणून विनवलं. केरबाचं म्हणणं सरळ होतं. शपथ तूच घातलीस, देवीपुढं घातलीस, आणि कुणी का असेना असंही तूच म्हणालीस. 

मग वैजूनं अण्णांना समजावलं. तुम्ही विचारूच नका, नुसते उठा आणि चला. पण अण्णा रीतीभातीचे. सोयऱ्याच्या घरून परवानगी न घेता उठलो तर भावकीत तोंड कसं दाखवू, असं ते म्हणाले. एक जण मागितल्याशिवाय उठेना, दुसरा काही केल्या देईना. जीपवाला कंटाळून रिकामी जीप घेऊन गेला.

असे दिवस गेले. पारूबाई भाकऱ्या थापायला लागल्या. मामा माठ उन्हात मांडायला लागला. समाधान आणि वैजू माती तुडवता तुडवता बोलायला लागले आणि बोलता बोलता माती तुडवायची विसरायला लागले. अण्णांना मलमाचा गुण आला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. एवढे दिवस राहिलोच आहोत तर लग्नही इथंच लावून टाकू, परत यायला नको.

अण्णांनी फोनवरून कोळवाडीची मंडळी बोलावली. तीन जीपा भरून वऱ्हाड आलं. हौसानं भावाला वैजूच्या फोनवरून निरोप पाठवला. तो भाचीसाठी म्हणून आला आणि केरबाशी न बोलता मांडवात बसला. केरबाच्याच दारात मांडव पडला आणि अक्षता पडल्या. केरबानं स्वतः घडवलेल्या मडक्यांची उतरंड मांडवाच्या चारी कोपऱ्यांत रचली. लोक म्हणाले, लग्न असावं तर असं.

पाठवणीची वेळ जवळ आली तशी हौसाला धडकी भरली. आता परवानगी मागायला सगळं वऱ्हाड होतं. ती नारळ घेऊन देवळात गेली, शपथ सोडवून आली आणि केरबाला कोपऱ्यात घेतलं.

"हे बघा, ती शपथ सुटली. आता 'हो' नको आणि 'नाही' नको. आज तुम्ही फोनसारखं वागा. फोन स्वतःचं डोकं चालवतो का? माणूस बोलेल तेवढं ऐकतो आणि तेच करतो. तसं करा. जो जे म्हणेल तेच होऊ द्या."

केरबानं मान डोलावली. ही गोष्ट आजवरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा सोपी होती.

तो दारात उभा राहिला. अण्णा आले आणि निघतो म्हणाले. केरबानं त्यांना हाताला धरून जीपमध्ये बसवलं. पारूबाई निघते म्हणाल्या. त्यांना बसवलं. मामा चला, निघू या म्हणाला. त्याला तर उचलूनच बसवलं. मुंडावळ्या बांधलेला समाधान पाया पडून निघतो म्हणाला. केरबानं त्याला पहिल्या जीपमध्ये, अण्णा आणि मामाच्या मधल्या फटीत दाबून बसवलं. एवढ्या व्यवस्थित पाहुणे कुणीच वाटेला लावले नसतील. हौसा मागच्या जीपपाशी बायकांच्या ओट्या भरत होती आणि लांबूनच नवऱ्याकडं बघून आनंदानं डोळे पुसत होती.

सगळ्यात शेवटी वैजू आली. हिरवा चुडा, कपाळाला मळवट. ती बापाच्या पायाशी वाकली आणि तिला उठवेना.  पहाटेपासून केरबा एकच विचार करत होता. उद्यापासून माती कालवताना कुणाशी बोलायचं, फोन अडला तर कुणाला दाखवायचा. पण आज स्वतःचं डोकं चालवायचं नव्हतं. निघते म्हणाली की जाऊ द्यायचं. त्यानं मन घट्ट केलं.

वैजूनं वर पाहिलं. 

"येते, बाबा."

केरबाला क्षणभर ऐकलेलं खरं वाटेना. मग त्याचा चेहरा असा फुलला की वैजूही रडता रडता बघत राहिली. त्यानं तिचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेला. देवापुढं हळदकुंकू वाहायचं राहिलं असेल असं वैजूला वाटलं. ती देवघरापुढं बसली, डोळे मिटले. केरबा बाहेर आला, पहिल्या जीपच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाला, "चला."

पुढच्या जीपला वाटलं नवरी मागच्या जीपमध्ये बायकांत आहे. मागच्या जीपला वाटलं नवरी पुढं नवऱ्याशेजारी आहे. मधल्या जीपमध्ये बँडवाले होते, त्यांनी काही वाटून घेतलं नाही, वाजवायला सुरुवात केली. तिन्ही जीपा धुरळा उडवत घाटाच्या वळणाआड गेल्या. केरबानं आत येऊन कडी लावली.

हौसा वेशीपर्यंत जीपांमागं गेली होती. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच रडत उभी राहिली, मग पदरानं तोंड पुसत घरी आली आणि दार वाजवलं. केरबानं उघडलं. आत बाजेवर वैजू बसली होती, मुंडावळ्यांसकट, डोकं दोन्ही हातांत धरून. तिच्यापुढं बशीत बुंदी होती आणि केरबा तिच्यासाठी चहा गाळत होता.

 हौसानं भिंतीला धरून विचारलं, "ही इथं काय करते?"

"सगळे निघतो म्हणाले, ते निघाले," केरबा म्हणाला आणि चहात अजून थोडी साखर घातली. "ही एकटीच 'येते' म्हणाली. मग आली."